पूर्वमुखी घराचा दक्षिणेचा उंबरठा

मित्रांनो, मी एक जुना उंबरठा आहे. आहे कसला, होतो म्हणा! ज्या दाराखाली मी होतो ते दारच आता राहिलेलं नाही, मग उंबरठा कुठला आणि काय कुठलं? सध्या मी देवासच्या एका कॉलनीत, एका पांढऱ्याशुभ्र घराच्या कडेला, पेरूच्या झाडाखाली आडवा पडून आहे. येणारेजाणारे मला लाकडाचा ओंडका समजतात. परवा एका गृहस्थाने माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. बांध बाबा, बांध! पूर्वी असं कुणी केलं असतं तर आतून सगुणाबाईंचा आवाज आला असता आणि त्याने बूट हातात घेऊन पळ काढला असता.

तुमच्यापैकी काहींनी उंबरठा पाहिलाही नसेल. नव्या घरांत सगळं सपाट असतं. चौकटीचं खालचं आडवं लाकूड म्हणजे आम्ही. आमच्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, उभं राहून शिंकायचं नाही, आणि आमच्या अल्याड-पल्याड उभं राहून काही द्यायचं-घ्यायचं नाही. घेणाऱ्याने आत यावं, नाहीतर देणाऱ्याने बाहेर जावं. एवढा आमचा मान होता.

मी मूळचा अमझेऱ्याचा, धारकडचा. प्रतापरावांच्या मामांच्या शेताच्या बांधावर एक साग होता. भाचा देवासला घर बांधतोय म्हटल्यावर मामांनी तो तोडूनच दिला. म्हणाले, "भाच्याच्या घराला दार माझ्याकडचं." सुताराने वरच्या लाकडातून दार आणि चौकट काढली आणि बुंध्याचा सगळ्यात कठीण भाग माझ्यासाठी ठेवला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. आता अभिमान पेरूच्या पानांखाली झाकून गेलाय, ती गोष्ट वेगळी.

प्रतापरावांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. प्रतापराव स्वतः कारखान्यात पाळीवर जात. संस्थानातलं त्यांच्या घरात उरलं होतं ते इतकंच, की नवराबायको एकमेकांना अहो-जाहो करत. "आपण जेवलात का?" "आपला चष्मा टेबलावर आहे." शेजारचे मालवी लोक हसत, पण त्या दोघांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

घर बांधताना एक अडचण होती. प्लॉटचं तोंड दक्षिणेला. नातेवाइकांनी नाकं मुरडली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, दार तिकडे नको. सगुणाबाई तेव्हा तरुण होत्या आणि कुणाला घाबरत नसत. समोर बोट दाखवून त्या म्हणाल्या, "दारातून देवीची टेकरी दिसते ना? देवीच्या समोर यमाची काय बिशाद! आणि यायचंच असलं तर तो खिडकीतूनही येईल. दार इथेच बसवा." झालं. मी दक्षिणेला बसलो, आणि घराला हळदीसारखा पिवळा रंग दिला गेला, तोही त्यांच्याच पसंतीचा.

त्यानंतरची वर्षं काय सांगू तुम्हाला! रोज सकाळी सगुणाबाई मला पाण्याने धूत, हळदीकुंकवाची बोटं लावत, पुढे चार रेघांची रांगोळी काढत. मग टेकरीकडे बघून हात जोडत आणि म्हणत, "बघ गं बाई, सांभाळ." त्यांचा मुलगा यशराज मला ओलांडूनच पहिल्या दिवशी शाळेत गेला. त्याच्या बायकोने माझ्यावर ठेवलेलं माप पायाने लवंडलं, तेव्हा तांदूळ पार देवघरापर्यंत गेले होते. कामावरून येताना प्रतापराव माझ्यापाशी थांबून चपला काढत आणि आत हाक घालत, "आलो बरं का!" मला वाटे, माझं आयुष्य असंच जाणार. लाकडाला अक्कल बेताचीच असते, मित्रांनो.

मग सगुणाबाईंना विसर पडू लागला. एकाच सकाळी त्या मला तीनतीनदा हळदीकुंकू वाहायच्या. मी तर खूश! मला वाटलं, माझी बढती झाली. पण मग दूध उतू जायला लागलं, शेजारणीचं नाव आठवेना, आणि एकदा त्या भाजी आणायला गेल्या त्या परतल्याच नाहीत. प्रतापराव अनवाणी शोधत फिरले. शेवटी एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं. त्यांना गल्ली सांगता आली नव्हती, नंबर सांगता आला नव्हता. पण त्यांनी सांगितलं होतं, "पिवळं घर, दक्षिणेचं दार, दारात रांगोळी." तेवढ्यावर रिक्षावाल्याने घर काढलं. हे तुम्ही लक्षात घ्या, कारण तेव्हा घरातल्या कुणी ते लक्षात घेतलं नाही.

यशराज आईला उपचारासाठी घेऊन जायला पुण्याहून आला. त्याचं घर एवढंसं. तिथे आईची सोय कशीबशी होणार होती, वडिलांची होण्यासारखी नव्हती. ठरलं असं, की देवासचं घर विकायचं, पुण्यात मोठं घ्यायचं, मग दोघांनी तिथेच राहायचं. डॉक्टरांनी प्रतापरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हळूहळू त्या माणसंही विसरतील. जितक्या लवकर तुम्ही जवळ राहायला जाल तितकं बरं." सगुणाबाई गाडीत बसताना प्रतापराव दारातून म्हणाले, "घर विकलं की मी आलोच." त्या म्हणाल्या, "लवकर या. आणि उंबरठ्याला हळदीकुंकू वाहत जा." गाडी वळेपर्यंत प्रतापराव माझ्यापाशी उभे होते. घर विकलं जाण्याआधी सगुणाबाईंच्या आठवणीतून आपण पुसले गेलो तर काय, एवढीच भीती त्यांच्या मनात होती.

आता घर विकायचं म्हणजे जाहिरात आली. प्रतापरावांनी स्वतः मोबाईलवर फोटो काढले. त्यात दोरीवरची बनियन आली, ताकाचं पातेलं आलं, आणि एका फोटोत तर त्यांचा अंगठाच मोठा आला. खाली हिंदीत लिहिलं : 'मकान बेचना है। दक्षिणमुखी। छत एक कोने में टपकती है। पानी एक दिन छोड़कर आता है। पड़ोसी भले हैं।' ती जाहिरात नेटवर गेली आणि तिथेच बसून राहिली. फोन आला तो फक्त एकाचा, आणि त्याला भाड्याने खोली हवी होती.

तेव्हा दलाल आला, उमाशंकर. तोंडात सुपारी, बगलेत डायरी, माणूस मनाचा वाईट नाही. त्याने जाहिरात वाचली आणि कपाळावर हात मारला. "दादा, मकान बेच रहे हो कि थाने में गवाही दे रहे हो?"

"जे आहे ते लिहिलंय," प्रतापराव म्हणाले.

"अरे भिया, बाजार ठंडा पड़ा है। सबको इंदौर की तरफ नया फ्लैट चाहिए। इस कॉलोनी में हर तीसरे गेट पे बोर्ड टँगा है। ऐसे में सच बोलोगे तो बैठे रहोगे।" मग त्याने घरभर फिरून बोटाने एकेक गोष्ट दाखवली. हे काढा, ते काढा. "फोटो में बुढ़ापा नहीं दिखना चाहिए।"

आणि मित्रांनो, काढायला घेतलं तेव्हा कळलं, की त्या घरात जे काही दिसत होतं ते बहुतेक सगुणाबाईंचंच होतं. लोणच्याच्या बरण्या गेल्या. त्यांचा पाट गेला. भिंतीवरचे टाचणीने लावलेले नातवंडांच्या चित्रांचे कागद गेले. दारामागच्या त्यांच्या चपला प्रतापरावांनी बराच वेळ हातात धरल्या आणि मग गोणीत घालून माळ्यावर टाकल्या. शेवटी पिवळा रंगही गेला. उमाशंकरचं म्हणणं पडलं, की पांढऱ्यात घर मोठं दिसतं. रंगाऱ्याचे थेंब माझ्यावर सांडले ते प्रतापरावांनी खाली बसून नखाने खरवडले, म्हणून सांगतो, माझ्यावर त्यांचा जीव होता.

रोज संध्याकाळी टेकरीवर आरती सुरू झाली की पुण्याहून फोन येई. सगुणाबाई काय जेवल्या ते त्यांना आठवत नसे, वार आठवत नसे. पण विचारत मात्र न चुकता, "हळदीकुंकू वाहिलंत? रांगोळी काढलीत?" प्रतापराव फोन माझ्यासमोर धरून दाखवत. त्यांची रांगोळी म्हणजे काय विचारता! कोंबडी चालून गेल्यासारखी. सगुणाबाई पलीकडून हसत आणि म्हणत, "बरं का, शिकलात की!" त्या दिवशी प्रतापराव दोन पोळ्या जास्त खात.

नव्या फोटोंवर दोन-चार गिऱ्हाइकं आली. मला पाहून थबकली. "दक्षिणमुखी?" एवढंच विचारून, पाणी पिऊन परत गेली. उमाशंकरने मग एक तोडगा सुचवला. घराची चिमूटभर माती नर्मदेत सोडली की घर विकलं जातं म्हणे. प्रतापरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी त्यांनी माझ्या पायथ्याची माती रुमालात बांधली, बसने नेमावरला गेले आणि सोडून आले. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय! माती वाहून गेली, घर जागच्या जागी.

आणि एक दिवस उमाशंकर घराच्या पूर्वेच्या बोळात उभा राहून ओरडला, "दादा! इधर आओ!" बोळ रुंद होता, रस्त्याला लागत होता. "दरवाज़ा इधर खोलो। उधर वाला चुनवा दो। फिर शान से लिखेंगे, पूर्वमुखी मकान, सूरज सीधा आँगन में।"

प्रतापरावांनी यशराजला फोन लावला. "घर तुझ्या आईसाहेबांच्या नावावर आहे. त्यांना विचारायला नको का?"

यशराजचा आवाज थकलेला होता. "आबा, करून टाका ना. आईसाहेबांना कशाला परेशान करायचं? त्यांना तसंही काय आठवतंय? रजिस्ट्रीच्या सहीला मी त्यांना घेऊन येईन."

गवंडी आला. पहार माझ्याखाली घालून त्याने मला उपटलं. मी सहज निघालो नाही, एवढं समाधान आहे. दार भंगारवाल्याकडे गेलं, चौकट गेली, मला द्यायला मात्र प्रतापरावांनी नकार दिला. जिथे दार होतं तिथे विटा आल्या, वर सिमेंट, वर पांढरा रंग. तिथे कधी दार होतं असं आता खुद्द सुताराला सांगितलं तरी पटायचं नाही. त्या संध्याकाळी फोन आला. "हळदीकुंकू वाहिलंत?" प्रतापरावांनी पेरूखाली माझ्याकडे पाहिलं. मी कोरडा. "वाहिलं," ते म्हणाले. "दाखवा की." "उजेड कमी आहे." सगळ्या आयुष्यात तो माणूस इतकं खोटं बोलला नव्हता. त्यानंतर मात्र रोज बोलू लागला.

पण जाहिरात चालली, मित्रांनो! पूर्वमुखी म्हटल्यावर फोनवर फोन. त्यातून राजवर्धन नावाचे एक गृहस्थ आले, धारहून देवासला बदली झालेले, सोबत बायको. दोघांना घर आवडलं. तिने पूर्वेच्या दारात उभं राहून ऊन अंगावर घेतलं आणि म्हणाली, "बस, यही चाहिए था।" व्यवहार ठरला. प्रतापरावांना मी इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सामान बांधलं, दाढी केली, नवा सदरा घेतला. उमाशंकरला म्हणाले, "फोनवर त्या अजून माझा आवाज ओळखतात. थोडे दिवस तरी मिळतील हो." उमाशंकरने सुपारी थुंकली आणि बोलला, "मिलेंगे दादा, बहुत मिलेंगे।"

सहीच्या दिवशी सकाळी यशराजची गाडी दक्षिणेच्या जुन्या फाटकाशी थांबली. सगुणाबाई उतरल्या. वाळल्या होत्या, पण पातळ नीट नेसलेल्या, डोक्यावर पदर. त्यांनी घराकडे पाहिलं. समोर पांढरी भिंत. दार नाही. त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली, मग डावीकडच्या घराकडे पाहिलं, उजवीकडच्या घराकडे पाहिलं. प्रतापराव नवा सदरा घालून बोळातून लगबगीने आले.

"आलात? प्रवास कसा झाला आपला?"

सगुणाबाईंनी हात जोडले. "बरा झाला. आपण इथेच राहता का?"

प्रतापराव हसले. त्यांना वाटलं, चेष्टा करताहेत. त्या पुढे म्हणाल्या, "आमचं घर इथेच कुठेतरी होतं. पिवळं आहे. दक्षिणेचं दार. आमचे हे दारातच उभे असतील बघा, वाट बघत असतील."

प्रतापरावांचं हसू तोंडावरच राहिलं. "मीच तो, सगुणाबाई," ते म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले. सगुणाबाई चटकन यशराजच्या मागे झाल्या. "यशराज, हे कोण गृहस्थ? नाव घेऊन हाक मारतात!"

फोनवर त्या आवाज ओळखत होत्या, कारण तो आवाज त्यांच्या मनातल्या पिवळ्या घरातून येत होता. इथे ते घरच नव्हतं, मग त्या घरातला माणूस कुठून असणार? मला हे कळलं. यशराजलाही कळलं असावं, कारण तो खाली मान घालून उभा राहिला. त्याने आईला हाताला धरून बोळातून आत नेलं. माझ्याजवळून जाताना त्यांनी मलाही वळसा घातला, ओंडक्याला घालावा तसा. मी ओरडलो असतो हो, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

आत राजवर्धन आणि त्यांची बायको पेढे घेऊन बसले होते. उघड्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. सगुणाबाईंनी पेढा घेतला, चौकशी केली, अगदी रीतीने बोलल्या. मग यशराजने समजावलं, की आपण हे घर यांना विकतोय, त्यासाठी सही करायला कचेरीत जायचंय.

"कुठलं घर?"

"हेच, आईसाहेब. आपलं घर."

"हे आपलं नव्हे," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "हे त्या गृहस्थांचं आहे, बाहेर भेटले ते. बिचारे एकटेच राहतात वाटतं. दुसऱ्याचं घर मी विकू? मी काय चोर आहे?"

प्रतापरावांनी माळ्यावरची गोणी खाली ओढली. चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या, पाट ठेवला, बरणी ठेवली. सगुणाबाईंनी चपलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्या बायकोच्या का? जपून ठेवा."

राजवर्धन उठले. भला माणूस, आवाजही चढवला नाही. "दादा, बुरा मत मानना। अम्मा सबके सामने कह रही हैं कि मकान उनका नहीं। मैं साइन कैसे करवाऊँ? कल को मेरी आत्मा भी पूछेगी और कोर्ट भी।" पेढ्यांचा डबा तिथेच ठेवून ते दोघे निघून गेले. उमाशंकर त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावला आणि तिथेच कठड्यावर बसला.

दुपारी गाडी परत निघाली. आईला मुक्कामाला ठेवावं असं यशराजच्या मनात होतं, पण परक्याच्या घरी राहायला सगुणाबाई तयार होईनात. गाडी हळूहळू गेली. त्या काचेला कपाळ लावून कॉलनीतली घरं एकेक निरखत होत्या. पिवळं कुठे दिसतंय का ते पाहत असाव्यात.

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी गवंड्याला बोलावलं. भिंत फोड, चौकट बसव, पिवळा रंग दे म्हणाले. गवंडी तयार होता. पण यशराजचा फोन आला. प्रवासाने आईसाहेबांची तब्येत बिघडली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आता कुठे हलवायचं नाही. "मग राहू दे," प्रतापराव गवंड्याला म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

ते पुण्याला जाऊन आले. एवढ्याशा घरात पाहुण्यासारखे राहिले. सगुणाबाईंनी त्यांना आपल्या हाताने वाढलं, "अजून एक घ्या, संकोच करू नका," म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी यशराजला विचारलं, "हे गृहस्थ घरी कधी जायचे? यांची माणसं वाट बघत असतील." प्रतापराव त्याच दिवशी निघाले. संध्याकाळचे फोन अजून येतात. पण आता हळदीकुंकवाचं कुणी विचारत नाही. "कोण बोलतंय?" एवढं ऐकू येतं आणि मग यशराज फोन घेतो.

उमाशंकरने जाहिरात पुन्हा सुधारली आहे. आता लिहिलंय, 'तुरंत बेचना है।' त्याने वाचून दाखवलं तेव्हा प्रतापराव म्हणाले, "लिहा हवं ते." त्यांना ना विकायची घाई राहिली ना ठेवायची हौस. फोटोंत घर फार सुंदर दिसतं असं सगळे म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल, विकाल. रंग बदला, दारं बदला, उंबरठे उपटून टाका. लाकडाचं काय, आज दाराखाली, उद्या चुलीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात कुणाला विसर पडत असेल तर 'तिला काय आठवतंय' असं म्हणू नका. तिला विचारा. विसरली तर पुन्हा विचारा. आणि तिला जेवढं घर आठवतंय, तेवढं तरी ती असेपर्यंत जागचं हलवू नका. आमच्या घरात हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, आणि मला बोलता येत नव्हतं.

आता आरतीची वेळ झाली आहे. प्रतापराव पूर्वेच्या दारातून बाहेर येतील, बोळातून पुढे जातील आणि दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतील. अंधार पडेपर्यंत ते तिथेच असतात. मग आत येऊन दिवा लावतात आणि एकट्यासाठी भाकरी टाकतात.